तीसच्या वर न जाणारी गाडी

आमच्या दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरला मी पहिली दोन वर्षं शिव्या दिल्या, कारण तो गाडी फार जोरात हाणायचा. पुढची दोन वर्षंही दिल्याच, कारण तो गाडी फार हळू चालवायला लागला. सगळ्या त्याच्या तोंडावर दिल्या. पाठीमागे बोलायची मला सवय नाही, आणि त्याला काही फरक पडायचाही नाही. तो मिशीत हसायचा आणि म्हणायचा, "झालं का सिस्टर? बसा मंग."

त्याचं नाव धम्मपाल. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काटकुळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. वडील भंडाऱ्याकडून भरवेलीच्या खाणीत कामाला आले आणि इथले, मध्य प्रदेशातल्या बालाघाटचेच झाले. धम्मपालनं तरुणपणी लांजीच्या रोडवर कमांडर जीप चालवली. आत अठरा, टपावर चार आणि मागे लटकलेले वेगळे. त्याच्या जीपमध्ये बसलेली माणसं लांजीला उतरल्यावर आधी देवाचं नाव घेत आणि मग भाड्याची घासाघीस करत, असं तो स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगायचा. अशा माणसाला ॲम्ब्युलन्स मिळाली, वर सायरन मिळाला, मग काय विचारता!

मी ललिता. नवजात बाळांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं नर्स आहे. आमच्याकडे काचेआड, दिव्याखाली, नळ्या लावलेली बाळं असतात. बहुतेक बरी होऊन घरी जातात. काही जात नाहीत. ही जी न जाणारी बाळं, त्यांचं पूर्वी काय व्हायचं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. ती दिव्याखालीच जायची. मशीन ओरडत असायचं, आम्ही चार जणी वाकलेल्या असायचो आणि आई बाहेर बाकड्यावर. "आईले दाखवू नका, माया लागते," असं मीच नव्या पोरींना शिकवायची. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकराची माया तोंड पाहिल्यावर लागते, असं मला खरंच वाटत होतं. शिकलेली बाई मी!

मग आमच्याकडे नव्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी ठरवलं की जे बाळ वाचणार नाही, हे नक्की आहे, त्याच्या आईबापाला ते स्पष्ट सांगायचं आणि विचारायचं, उरलेला वेळ कुठे घालवायचा आहे? घरी न्यायचं म्हणाले तर गाडी द्यायची, सोबत नर्स द्यायची, बाळाला दम लागू नये, दुखू नये म्हणून औषध द्यायचं. कागदावर या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आहे. वॉर्डात आम्ही त्याला 'घरची गाडी' म्हणतो.

पहिली घरची गाडी लामत्याकडे गेली. दीपिका नावाची आई आणि तिची दोन दिवसांची मुलगी. मागे मी होते. धम्मपालनं सायरन लावला आणि गाडी अशी काढली की झाडं दिसेनाशी झाली. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही, कारण मलाही एकच ध्यास होता, मुलगी जिवंत घरी पोचली पाहिजे. पोचली. तिला खाटेवर ठेवलं, चुलीवर चहाला उकळी आली आणि ती गेली.

आम्ही निघालो तेव्हा दीपिका फाटकापर्यंत आली. धम्मपालला म्हणाली, "भाऊ, तुमी लवकर आणलं, उपकार झाले. पण सारा रस्ता मी दांडीच धरून होती. एक हात दांडीले, एक हात तिच्यावर. तिचं तोंड कसं होतं, मले आठवूनच नाही राह्यलं."

तक्रार नव्हती ती. साधं सांगणं होतं. पण दुसऱ्या दिवशी धम्मपाल गाडी घेऊन मेकॅनिककडे जाऊन बसला. स्ट्रेचरच्या कड्या खडखडत, त्यांना त्यानं चिंध्या गुंडाळल्या. मागच्या बाकावर त्याच्या बायकोनं, मंजूनं, शिवलेली जाड वाकळ आली. पाठीला टेकायला गादी आली, म्हणजे आईला दांडी धरायला लागू नये, दोन्ही हात मोकळे राहावेत. आणि घरच्या गाडीचा वेग ठरला तीस. काटा तीसच्या वर नाही. सायरन नाही, हॉर्न नाही. समोर म्हशी आल्या तर खाली उतरून हाकलायचा, पण हॉर्न वाजवायचा नाही.

मी चिडले. ऑक्सिजनचा सिलिंडर किती तास पुरतो, हे त्याला नाही, मला पाहावं लागतं. "ही ॲम्ब्युलन्स आहे का वरातीची गाडी?" मी विचारलं.

"सिस्टर, घाई तुमाले आहे," तो म्हणाला. "त्या बाईले कुठं पोचाची घाई आहे? तिचं लेकरू गाडीतच आहे ना."

यावर मी आणखी चिडले. पुढची दोन वर्षं आमचं हे असंच चाललं. तो तीसनं चालवायचा आणि मी मागून बडबडायची.

मग गेल्या कार्तिकात पिंकी आली.

पिंकी तेवीस वर्षांची. तिचा नवरा राकेश लांजीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि घर लांजीच्या थोडं अलीकडे, खेड्यात. सातव्या महिन्यात सोनोग्राफीत शंका आली, नागपूरला पाठवलं, तिथे कळलं की बाळाच्या हृदयाची डावी बाजू तयारच झालेली नाही. जन्मल्यावर फार दिवस राहणार नाही, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं. मुलगा झाला. गोरा, डोक्यावर भरपूर जावळ. तिसऱ्या दिवशी मॅडम तिच्या खाटेवर बसून म्हणाल्या, आता काही तास, फार तर एखादा दिवस. पिंकी रडली नाही. म्हणाली, "मले त्याले घर दाखवाचं आहे."

सकाळी दहाला आम्ही निघालो. राकेश पुढे धम्मपालशेजारी, मागे पिंकी, बाळ आणि मी. धान कापणी जोरात होती. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पेंढ्यांनी भरलेल्या, सगळ्या आम्हाला मागे टाकून पुढे जात होत्या. एक सायकलवालाही पुढे गेला, तेव्हा मी धम्मपालकडे पाहिलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलंच नाही. पिंकी बाळाशी काहीबाही बोलत होती. हा पूल, हे तुझ्या बाबाच्या मित्राचं दुकान, इथे समोसे चांगले भेटतात. किरनापूर मागे पडलं तेव्हा बाळाच्या श्वासात खंड पडायला लागला. दोन श्वास, मग थांबणं, मग पुन्हा. मी औषधाचा थेंब दिला आणि नळी नीट करत राहिले. पण तिनं पाहिलं होतं.

"भाऊ," ती पुढे वाकून म्हणाली, "जोरात घ्या ना जरा."

घरच्या गाडीत आजवर कोणत्याच आईनं असं म्हटलं नव्हतं. धम्मपाल गोंधळला. पण आईनं सांगितलं म्हटल्यावर त्यानं पाय दाबला. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. त्या रस्त्याचे खड्डे काही माणूस पाहून वागत नाहीत. गाडी उसळायला लागली, बाळाचे ओठ निळे झाले, मी ओरडले, आणि पिंकीनं एका हातानं वरची दांडी पकडली.

ते धम्मपालला आरशात दिसलं. त्यानं गाडी हळूहळू कडेला घेतली आणि बंद केली. तिथे रस्त्यालगत एक मोठं मोहाचं झाड होतं आणि पलीकडे खळं.

"बाई, घाई काहून आहे तुमाले?" त्यानं मागे वळून विचारलं. "मले सांगा, मंग मी उडवतो गाडी."

पिंकीनं सांगितलं. गेल्या वर्षी शेजारच्या घरचं बाळ दवाखान्यातून येताना वाटेतच गेलं होतं. ते दारात आणलं तेव्हा तिची सासू रुख्माबाई पुढे झाली आणि चौकटीला हात आडवा लावून उभी राहिली. मेलेलं लेकरू उंबऱ्याच्या आत जात नाही, बाहेरूनच न्या. आणि त्यांनी नेलं. त्याची आई ओट्यावर बसून राहिली. "हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, भाऊ," पिंकी म्हणाली. "माहा बबन वाटेत गेला, तर तो घरात नाही येणार. मले एकच पाहिजे, त्यानं एकदा घरात यावं."

तेवढ्यात पुढे राकेशचा फोन वाजला. म्हाताऱ्या माणसांना फोनवर ओरडून बोलायची सवय असते, त्यामुळे आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "राकेश, कुठवर आले रे? बाया येऊन बसल्या अंगणात. गूळ वाटाले काढून ठेवला. नातू झोपला का जागा आहे?"

"बस, आ रहे हैं माय. रस्ते में हैं," राकेश म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

मग धम्मपालनं विचारलं, "मायले ठाव नाही?"

"कैसे बोलता भैया?" राकेश म्हणाला. "सातवें महीने से रोज सोचता हूं आज बोलूंगा. सकाळी फोन केला तर मुंहसे निकला, सब ठीक है माय, छुट्टी हो गई."

मला त्याला फाडकन काहीतरी सुनवायचं होतं. अडीच महिने या माणसानं आईपासून लपवलं, वर आज अंगणात गूळ काढून ठेवायला लावला! पण त्याच्याकडे पाहिलं, तो गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मी गप्प राहिले. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

धम्मपालनं हात पुढे केला. "फोन लावून दे."

"आप बोलोगे?"

"हौ. कोनी तरी बोललंच पाहिजे ना. दारात गेल्यावर, बायांच्या देखत कळलं तर ते बरं का?"

त्यानं फोन घेतला, स्पीकर चालू केला, गाडीतून उतरला आणि मोहाच्या झाडाखाली उभा राहिला. मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"मावशी, मी दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर बोलून राह्यलो, धम्मपाल. तुमी कुठं बसल्या आहे का उभ्या आहे? आधी खाली बसा... बसल्या? आता ऐका. तुमच्या नातवाचं हृदय अर्धंच बनलं. पोटातच तसं होतं, सातव्या महिन्यातच कळलं होतं, यात कोनाची चूक नाही, तुमच्या सुनेची तर बिलकुल नाही. डॉक्टरच्या हाती आता काही नाही. जीव आहे, आईच्या मांडीवर आहे. पण तुमच्या दारापर्यंत राहील का नाही, मी सांगू नाही शकत. खोटं कसं सांगू तुमाले?"

फोनमधून बायांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं, त्यांना अजून कळलं नव्हतं. मग रुख्माबाईचा आवाज आला, आता अगदी हळू. "कुठं आहे तुमी?"

"किरनापूरच्या पुढं. रोडला लागून मोठं मोहाचं झाड आहे, बाजूले खळं."

"थांबा तिथंच."

माझ्या ड्युटीच्या कागदात रस्त्यात थांबून राहायचं कलम नाही, हे मी धम्मपालला सांगितलं. तो म्हणाला, "मंग त्या कागदाले सांगा, गाडी गरम झालती." आणि तो खळ्याकडे गेला. तिथे थ्रेशरची घरघर चालू होती. त्यानं काय सांगितलं कोण जाणे, मशीन बंद झालं. एक बाई कवळाभर तणस, भाताचा सुका पेंढा, घेऊन आली, तिनं झाडाखाली पसरलं आणि काही न विचारता परत गेली.

पिंकी त्या तणसावर उन्हात पाय पसरून बसली. मी बाळाच्या अंगावरच्या तारा काढल्या. मशीनचा आकडा पाहून आता काही करायचं नव्हतं. ऑक्सिजनची बारीक नळी तेवढी राहू दिली. तीन दिवस ते बाळ दिव्याखाली होतं, त्यानं ऊन पाहिलं नव्हतं. पानांतून ऊन तोंडावर आलं तसे त्यानं डोळे मिचकावले आणि पिंकी हसली. तिनं दुधाचा एक थेंब बोटानं त्याच्या जिभेवर ठेवला, त्यानं जीभ हलवली. तिनं त्याच्या हाताची बोटं मोजली, मग पायाची. त्याला उलटसुलट करून पाठ पाहिली, मान पाहिली, जावळात नाक घालून वास घेतला. राकेश आधी दूर उभा होता, मग तोही येऊन बसला.

पाऊण तासानं मोटरसायकल आली. शेजारचे पुनाराम चालवत होते आणि मागे रुख्माबाई, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात फडक्यात काहीतरी. तांब्यातलं अर्धं पाणी वाटेत सांडून तिचं लुगडं भिजलं होतं. ती उतरली, राकेशकडे तिनं पाहिलंही नाही. सरळ झाडाखाली आली, फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा काढला. बाळंतीण बाळाला घेऊन घरी आली की दारात जसा ओवाळतात तसा पिंकीवरून आणि बाळावरून ओवाळला, पाणी ओवाळलं आणि दूर शेतात फेकलं. मग ती पिंकीसमोर मटकन बसली.

"अडीच महिने," ती म्हणाली. "अडीच महिने तू हे एकटीच वागवत होती का वं? माह्याच घरात? मी तुले डिंकाचे लाडू खाऊ घालू घालू विचारत होती, तोंड काहून उतरलं म्हणून."

तेव्हा पिंकी रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. रुख्माबाईनं नातवाला मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं सुनेचं डोकं खांद्याशी धरलं. मीही रडले. नर्सनं रडू नये, असं मीच शिकवते.

थोड्या वेळानं रुख्माबाई उठली. "चला, घरी जाऊ."

"माय," राकेश अडखळत म्हणाला, "अन् वाटेतच गेला तर? तू त्या दिवशी शेजारी..."

रुख्माबाईनं त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. "हौ. त्या दिवशी आडवा हात माहाच होता. तो मीच काढीन. बस गाडीत."

आम्ही निघालो. रुख्माबाईनं वाकळेवर मांडी घातली, बाळाला पुन्हा पिंकीच्या कुशीत दिलं आणि दोघांना धरून बसली. काटा तीसवर. या वेळी पिंकीनं घाई केली नाही. सासू बाळाला सांगत होती, ही नदी बरं का रे, हे तुह्या आजोबाचं वावर होतं, विकलं मेल्यानं. घर दोनतीन किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा श्वास थांबला तो पुन्हा सुरू झाला नाही. मी स्टेथोस्कोप लावला, वाट पाहिली, काढला. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. धम्मपालला आरशात सगळं दिसलं. त्यानं वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही.

अंगणात बाया होत्या. त्यांना आता कळलेलं होतं, गूळ कुणीतरी आत नेऊन ठेवला होता. रुख्माबाई बाळाला छातीशी धरून उतरली. एक म्हातारी पुढे आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "रुख्मा, जीव आहे ना त्याच्यात? नाही तर आत..."

"माहा नातू घर पाहाले आला," रुख्माबाई म्हणाली. "सरक."

म्हातारी सरकली. रुख्माबाईनं पिंकीचा हात धरला आणि दोघी उंबरा ओलांडून आत गेल्या. आत तुळईला लुगड्याची झोळी बांधून तयार होती. त्यात त्याला ठेवलं, दोघींनी थोडा वेळ हलवलं. मग रुख्माबाई एकटीच बाहेर आली आणि शेजारच्या ओट्यावर जाऊन त्या घरच्या सुनेजवळ बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ती सून पदर तोंडाला लावून बसली होती. दुपारी घरच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधालगत, बाळाला माती दिली.

आम्ही निघताना पिंकी बाहेर आली. तिला चालवत नव्हतं, दाराची चौकट धरून उभी राहिली. धम्मपाल गाडीपासून तिच्याकडे परत गेला, चपला काढून. तिनं त्याला नमस्कार केला नाही, उपकार झाले असंही म्हणाली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "त्याच्या उजव्या कानामागं तीळ होता. बारीक. मले दिसला."

धम्मपाल मान हलवत राहिला. मी गाडीच्या दाराशी उभी होते. तीन दिवस मी त्या बाळाला हाताळलं होतं. ऑक्सिजनच्या नळीची पट्टी त्याच कानाजवळ दिवसातून चार वेळा बदलली होती. तो तीळ मला दिसला नव्हता.